सूत्रधाराचं मत

१

दर शनिवारी दुपारी वेना कुणाचा ना कुणाचा बळी द्यायची, आणि त्याआधी पाव आणायची. पाव नसला की मंडळींचं खेळात लक्ष लागत नसे.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, मोलो भागातल्या चर्चमागे तिचं घर. पुढच्या खोलीत एक गोल टेबल आणि त्याभोवती गेली सहा वर्षं तीच चार टाळकी. टेबलावर फासे, हाताने काढलेला नकाशा आणि एक राज्य, जे कुठेच नव्हतं. चौघं त्या राज्यातले वाटसरू व्हायचे आणि वेना सूत्रधार. म्हणजे बाकीचं सगळं जग तिने एकटीने बोलायचं. राजा तीच, चोर तीच, आणि सरायच्या दारावर धडकणारा वाराही तीच.

"राक्षस काय, कोणीही उभा करेल," ती म्हणायची. "तलवार उपसली की संपलं. घरी गेल्यावर जेवण जाऊ नये असं काहीतरी पाहिजे."

तिची ख्याती होती ती धर्मसंकटांची. तिने रचलेले पेच दूरदूरचे लोक विकत घेऊन खेळत. दोन माणसं, दोघंही भली, आणि वाचवता येणार एकालाच. पळवाटा बुजवायला तिने नियम करून ठेवले होते. निवडायचं नाही म्हटलंत, तर दोघंही जातात. मत गुप्त टाकायचं, आणि बरोबरी झाली तर सूत्रधार आपलं मत टाकून निकाल लावणार. आणि स्वतःचा जीव देऊन सुटता येणार नाही. हा शेवटचा नियम नेस्तोरमुळे करावा लागला. तो दर वेळी पुढे होऊन "मला घ्या" म्हणायचा. खेळातलं मरण फुकट असतं. मेलेला पुढच्या शनिवारी नवं नाव लावून येतो आणि वर हौतात्म्य मिरवतो.

"बाई, तुला माणसं आवडतात की नाही?" नेस्तोर एकदा वैतागून म्हणाला होता.

"आवडतात म्हणून तर," वेना म्हणाली होती, आणि त्याच्या लाडक्या म्हाताऱ्या गुराख्याला दरीत सोडून दिलं होतं.

२

त्या आठवड्यात नेस्तोर गेला. तापाचं निमित्त झालं. धडधाकट माणूस, मागच्या शनिवारी पावाच्या शेवटच्या तुकड्यावरून बोयेतशी भांडत होता, तो आज हारोमधल्या आपल्या घरी पेटीत निजला होता. अंगणात शेजारी पत्ते कुटत बसले होते, कारण मयताला एकटं ठेवत नाहीत आणि जागायला काहीतरी चाळा लागतो. वेनाला रडूसुद्धा आलं नाही. इतकी ती हबकली होती.

नेस्तोरच्या आईने तिचा हात धरून ठेवला. "शनिवार आहे ना आज? मग जा, खेळा तुम्ही. शनिवार चुकला की तो दिवसभर धुसफुसायचा."

तेव्हा खेळायचं ठरलं.

मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी थांबायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागोमाग आलेलं काही असेल तर ते तिथेच रेंगाळतं. बाकीचे तिघं म्हणून शहरातल्याच ला पाझच्या बाजारात नूडल्स खायला बसले. वेनाला टेबल मांडायचं होतं, ती टॅक्सी करून निघाली. वाटेत बेकरीपाशी तिने गाडी उभी करायला लावली. दुकानातल्या पोरीने काचेतून पावाची पिशवी आत दिली आणि गाडी पुढे निघाली. ऊन मी म्हणत होतं, वेनाने पाय काही खाली टेकवला नाही.

तिची आई लोरिंग, म्हणजे वेनाची नानाय आणि तिच्या मित्रांची तिया, पुढच्या खोलीत नारळाचं अर्धं सोडण पायाखाली घेऊन फरशी घासत होती. लाल मेण लावलेली ती फरशी म्हणजे तिचा जीव की प्राण.

"कुठे थांबलीस?" तिने पहिलं तेच विचारलं.

"बेकरीपाशी."

"उतरलीस?"

"नानाय, थांबायचं असा नियम आहे. उतरायचं असं कुठे म्हटलंय? गाडी थांबली, मी गाडीत होते, म्हणजे मी थांबले."

म्हातारी पाय थांबवून तिच्याकडे बघत राहिली. "हे असलं तुझ्या खेळात चालतं, इंदाय पोरी," ती म्हणाली. मग खोकत खोकत केळी तळायला आत गेली.

३

तिघं आले. बोयेत कोर्टात लघुलेखक होता आणि सगळ्या जगाकडे तो कलमाबरहुकूम बघायचा. मेलाय नर्स, जोमार शाळेत गणित शिकवायचा. तिघांनी दाराशी चपला काढल्या, आपापल्या खुर्च्या घेतल्या. नेस्तोरची खुर्ची रिकामी होती. ती उचलून आत ठेवावी असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार, पण हात कुणाचा उठला नाही.

"आता तिघंच," बोयेत म्हणाला. "म्हणजे बरोबरी कधी व्हायची नाही."

मेलायने नाक पुसलं.

वेनाने नकाशा उलगडला आणि तेवढ्यात तिला दारातल्या पायपुसण्याचा आवाज आला. खस्स, खस्स. कोणीतरी पाय पुसत होतं. एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, सावकाश आणि अगदी मन लावून. नेस्तोर असे पुसायचा. पहिल्याच वर्षी नानायने फरशीवरून त्याला झाडला होता, तेव्हापासून तो आत येण्याआधी पायपुसण्यावर उभा राहून तळवे झिजवायचा आणि बाकीचे हसायचे.

वेना तिघांकडे बघत होती. बोयेत फासे मोजत होता, जोमार पावाला लोणी लावत होता. त्यांना काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

"बस झालं म्हणावं त्याला," नानाय स्वयंपाकघरातून ओरडली. "पुसून पुसून भोक पाडेल."

"कुणाला, नानाय?"

"आता कोण आलं ते मला काय दिसतंय इथून?"

वेना उठली. जाळीचं दार लावलेलं होतं. बाहेर गल्लीत उन्हाशिवाय काही नव्हतं. पायपुसणं मात्र तिरकं झालेलं होतं आणि त्याचं एक टोक आतल्या बाजूला दुमडलं होतं. तिघांपैकी कोणाचा तरी पाय अडखळला असेल. पंखा जोरात आहे, जुनं गोणपाट आहे, वाऱ्याने घासत असेल. आणि आईचे कान आताशा भलतंच ऐकतात. तिने मनाशी हे सगळं नीट लावलं आणि पायपुसणं सरळ केलं.

परत आली तेव्हा नेस्तोरची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती. जोमारचे पाय लांब आहेत, ती स्वतःला म्हणाली.

४

त्या दिवशीचं धर्मसंकट तिने नेस्तोर आजारी पडण्याआधीच रचून ठेवलं होतं. पुराची नदी, एक होडी, आणि वाटसरूंशिवाय एकाच माणसाची जागा. काठावर दोघी उभ्या, एक म्हातारी आणि एक तरुण. मागून पाणी चढतंय.

दोघींना तिने नावं दिली नव्हती. ही तिची ठरलेली खोड होती. नावं खेळणाऱ्यांकडून घ्यायची. ज्याला आपण नाव दिलं त्याला सोडताना जीव तुटतो, आणि जीव तुटला नाही तर संकट कसलं?

"नावं द्या यांना," ती म्हणाली आणि दोन लाकडी सोंगट्या नदीकाठी ठेवल्या.

"तरुणीचं नाव वेना ठेवू," कोणीतरी म्हणालं. "कळू दे हिलाही. आणि म्हातारी तिया लोरिंग."

टेबलावर एकदम हशा पिकला. सकाळपासून पहिल्यांदाच कोणी हसलं होतं. मेलाय तर डोळे पुसत हसत होती. वेनाही हसली.

"वा रे बोयेत," जोमार म्हणाला.

"मी नाही. तूच म्हणालास ना?"

"माझ्या तोंडात पाव होता."

दोघांनी मेलायकडे पाहिलं. "आवाज पुरुषाचा होता, गाढवांनो," ती म्हणाली. "कोणी का असेना, चांगलं सुचलं. ठेवा हेच."

हसू ओसरायला थोडा वेळ लागला. वेनाचं हसू आधीच थांबलं होतं. तो आवाज कुठून आला ते तिला कळलं होतं, कारण ती त्या खुर्चीच्या बरोबर समोर बसली होती. तिथे कोणी नव्हतं. आवाज मात्र तिथूनच आला होता.

"दुसरी नावं देऊ या," ती म्हणाली.

"का? दिलेलं नाव बदलत नाहीत," बोयेत म्हणाला. "तुझाच नियम."

५

मग प्रश्न सुरू झाले. मत टाकण्याआधी वाटसरूंनी त्या दोघींना काहीही विचारावं, आणि वेनाने त्यांच्या आवाजात उत्तरं द्यावीत.

"म्हातारे, तुला होडीत घेतलं तर आमचा काय फायदा?" जोमारने विचारलं.

"मला पलीकडची वाट ठाऊक आहे," वेना म्हाताऱ्या आवाजात म्हणाली. एवढं तिने लिहिलेलं होतं.

"आणि तू गं, तरुणे? तू अशा पुराच्या नदीवर कशाला आलीस?" मेलायने विचारलं.

यावर वेनाचं उत्तर ठरलेलं होतं. ती बहिणीकडे निघाली आहे. तोंड उघडलं आणि तिने स्वतःलाच बोलताना ऐकलं:

"मी मयतावरून आलेय. वाटेत कुठे थांबले नाही. म्हणून तो माझ्याबरोबर आला."

"अरे बाप रे," जोमार खूश होऊन म्हणाला. "आज जोरात आहेस तू."

वेनाने ओठ मिटले. दात घट्ट दाबून धरले. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती, आणि तोंड उघडलं तर पुढचं काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. उन्हाचा त्रास झाला असेल. तीन दिवस नीट झोप नाही. मनात जे घोळतं तेच जिभेवर येतं, यात नवल ते काय?

"त्याला काय हवंय?" मेलायने तरुणीला विचारलं.

वेना बोलणार नव्हती. तरी तोंड उघडलं. "सोबत," ती म्हणाली. "दोघींतली एक."

आता कोणी हसलं नाही. पण ते न हसणं रंगलेल्या खेळातलं होतं. तिघं पुढे सरकून बसले. इतकं चांगलं धर्मसंकट बाईंनी कधी रचलंच नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

६

मत टाकायची पद्धत साधी होती. आतल्या दाराच्या पडद्यामागे स्टुलावर दोन करवंट्या. ज्याला होडीत घ्यायचं त्याच्या करवंटीत कवडी टाकायची. डावी म्हातारीची, उजवी तरुणीची. वेनाने डब्यातून कवड्या काढून एकेकाच्या हातावर ठेवल्या. मेलाय गेली आणि आली. जोमार गेला. बोयेत नेहमीप्रमाणे बराच वेळ लावून आला आणि खुर्चीत टेकला.

तो बसल्यावर पडदा हलला, आणि मागे करवंटीत टक् असं वाजलं.

पंखा, वेना स्वतःला म्हणाली. पंख्याने पडदा हलला, पडद्याने करवंटी हलली. ती उठून मागे गेली. डाव्या करवंटीत दोन कवड्या होत्या आणि उजवीत दोन.

तिने पुन्हा पाहिलं. बोट लावून पाहिलं. एक कवडी ओली होती आणि उन्हाळ्याच्या त्या दिवशी गार होती.

"कोणी दोन टाकल्या का रे?" तिने बाहेर येऊन विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"एकच होती हातात. तूच दिलीस," जोमार म्हणाला. "का? काय झालं?"

"बरोबरी."

"तिघांत बरोबरी कशी होईल?" बोयेत म्हणाला. मग त्याला हसू आलं. "समजलं. हे तुझंच काहीतरी कारस्थान आहे, बाई. आज सूत्रधाराला मत टाकायचंय. टाक तर मग. बघू या आईला सोडतेस का."

"त्यापेक्षा मी मागे राहते," वेना म्हणाली.

"ते नाही चालणार. स्वतःला देता येत नाही. तरुणी म्हणजे तू."

मेलायने तिचा चेहरा पाहिला असावा. "आज नको वाटत असेल तर थांबू या, वेना. दिवस तसा वाईटच आहे."

"थांबलो तर दोघी गेल्या," बोयेत म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. नियम म्हणजे नियम, एवढंच तो म्हणत होता.

वेना टेबल उलथवणार होती. नकाशा फाडून टाकणार होती. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आत केळ्यांचा चुरचुर आवाज येत नाही. झाराही वाजत नाही. "नानाय," तिने हाक मारली. आतून एक खोकला आला, अर्ध्यातच तुटला, आणि मग काही नाही. त्याच वेळी तिच्या तळपायांना गारवा लागला. खाली फरशी कोरडी होती, लाल, चकचकीत. तरी गारवा घोट्यापर्यंत चढला, घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत चढला. ती निवडत नव्हती. म्हणून दोघीही जात होत्या.

आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या पळवाटा बुजवल्या होत्या आणि त्यात तिला मोठी मजा वाटली होती. आता तिने स्वतःसाठी एक शोधली.

"तो नियम खेळाडूंना आहे," ती घाईघाईने म्हणाली. "खेळाडूने स्वतःला द्यायचं नाही. मी खेळाडू नाही. मी खेळतच नाहीये. म्हातारी होडीत. तरुणी मागे राहते."

बोयेतने डोकं खाजवलं. "पळवाट आहे."

"पण नियमात बसते."

"बसते," तो नाइलाजाने म्हणाला. त्याने म्हातारीची सोंगटी उचलून होडीत ठेवली.

७

पोटऱ्यांवरचा गारवा उतरला. आत तेल पुन्हा चुरचुरलं, झारा कढईवर आपटला आणि नानाय खणखणीत खोकली. वेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवस न आलेलं रडू आता आलं, आणि ते आनंदाचं होतं. आई जिवंत होती, स्वतः ती आपल्या खुर्चीत बसली होती, आणि टेबलावर दोन लाकडी सोंगट्या होत्या. किती मूर्खासारखं घाबरलो आपण, तिला वाटलं. उद्या मेलायला सगळं सांगून हसायचं, असंही तिने ठरवलं.

नानाय ताट घेऊन बाहेर आली. साखरेत घोळलेली तळलेली केळी. तिने मेलायपुढे ठेवली, जोमारपुढे ठेवली, बोयेतच्या डोक्यावर टपली मारून त्याच्यापुढे ठेवली.

"वेना कुठे गेली?" तिने विचारलं.

"आत असेल, तिया," जोमार केळं फुंकत म्हणाला. "आत्ता इथंच होती."

"आत कुठे? मी आतूनच येतेय."

"नानाय," वेना म्हणाली. "काय हे? मी ही काय."

बोयेतने मान वळवून तिच्या खुर्चीकडे पाहिलं. थेट तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर मागच्या भिंतीवर गेली आणि परत आली. "बाहेर गेली असेल हवेला," तो म्हणाला. "आज जरा जास्तच मनाला लावून घेतलंय तिने."

वेना उठली आणि तिने आईचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. आईचा हात ऊब असलेला होता, तेलाचा वास येणारा. नानायने ते मनगट झग्याला पुसलं, शहारल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पंखा कमी करा रे कोणी."

तेव्हा वेनाला कळलं की या खोलीत आपल्याकडे कोणीतरी बघतंय. समोरून बघतंय. नजर उचलून चेहरा पाहायचं बळ तिच्यात नव्हतं. टेबलाच्या कडेपर्यंतच तिने पाहिलं. तिथे एक हात होता, पुरुषाचा, नखांशी निळा पडलेला. बोटांवर पेटीत गुंडाळून दिलेल्या जपमाळेचे वळ होते. हाताने तिच्याकडे काही खूण केली नाही. तो नुसता टेबलावर होता, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

मेलाय दाराशी जाऊन गल्लीत डोकावून आली. "चपला इथेच आहेत, तिया," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज बदलला होता.

नानाय जाळीचं दार ढकलून बाहेर गेली. आधी तिने साध्या आवाजात हाक मारली, जेवायला बोलावतात तशी. मग मोठ्याने. मग शेजारच्या अंगणाकडे तोंड करून, मग चर्चच्या बाजूला, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा थोडा फाटत गेला. वेना तिच्या अगदी मागे उभी होती आणि प्रत्येक हाकेला ओ देत होती.